राजांची वर्षे : एक न जुळणारी बेरीज

पाचवीतल्या मुलांनाही करता येईल अशा एका बेरजेपासून सुरुवात करू. ज्यू लोकांच्या प्राचीन हिब्रू धर्मग्रंथात 'राजे' नावाचे दोन भाग आहेत. ख्रिस्ती लोकांच्या 'जुन्या करारा'तही ते आढळतात. शलमोन राजाच्या मृत्यूनंतर, म्हणजे सुमारे इ. स. पू. ९३० मध्ये, त्याच्या राज्याची दोन शकले झाली. उत्तरेकडचे इस्राएल आणि दक्षिणेकडचे, यरुशलेम ही राजधानी असलेले, यहूदा. दोन्हीकडे जवळजवळ एकाच वेळी नवा राजा गादीवर बसला. पुढे येहू नावाच्या सेनापतीने बंड केले आणि इस्राएलचा राजा योराम व त्याच्या भेटीला आलेला यहूदाचा राजा अहज्या या दोघांनाही एकाच प्रसंगात संपवले. म्हणजे दोन्हीकडच्या हिशेबाची सुरुवातही एक आणि शेवटही एक. मग मधली वर्षे सारखीच भरायला हवीत.

यहूदाच्या राजांची वर्षे ग्रंथात अशी दिली आहेत : रहबाम १७, अबीयाम ३, आसा ४१, यहोशाफाट २५, यहोराम ८, अहज्या १. बेरीज ९५. इस्राएलची अशी : यराबाम २२, नादाब २, बाशा २४, एला २, जिम्री सात दिवस, अम्री १२, अहाब २२, अहज्या २ (हा निराळा अहज्या), योराम १२. बेरीज ९८, वर सात दिवस.

तीन वर्षांचा फरक पडतो. शिक्षकमित्रांनी हा हिशेब फळ्यावर मांडावा आणि पुढचे वाचण्याआधी मुलांना विचारावे, चूक कुठे असेल? आमचा अनुभव असा की बहुतेक जण म्हणतात, 'इतक्या जुन्या ग्रंथात एवढे चालायचेच.' एखादा चुणचुणीत मुलगा म्हणतो, 'कुणीतरी मुद्दाम रचलेले असेल.' पण हे दुसरे उत्तर थोडे तपासून पाहण्याजोगे आहे. रचणाऱ्याला बेरीज जुळवून घेणे काय अवघड होते? प्रयोगवहीत घरी बसून भरलेली निरीक्षणे नेमकी सरळ रेषेवर बसतात, हे प्रत्येक विज्ञानशिक्षकाला ठाऊक आहे. खरी निरीक्षणे इकडे तिकडे पडतात.

याच ग्रंथात जुळवलेले आकडेही आहेत, म्हणून तुलना करता येते. दावीद राजाने ४० वर्षे राज्य केले, शलमोनानेही ४०. मिसर देशातून निघाल्यापासून मंदिराची उभारणी सुरू होईपर्यंत ४८० वर्षे लोटली, म्हणजे बारा चाळिसे. आपल्याकडे 'बारा वर्षे तप केले' म्हणताना कुणी वर्षे मोजत नाही, तसा त्या लोकांत चाळीस हा एका पिढीचा ठोकळ आकडा होता. आता १७, ३, ४१, २५, ८, १ ही रांग पाहा. या आकड्यांना काही चाल नाही, डौल नाही. ते कुठल्यातरी दप्तरातून उतरवून घेतलेले दिसतात.

दप्तरे होती याची साक्ष ग्रंथच देतो. शलमोनाच्या दरबारातल्या अधिकाऱ्यांच्या यादीत दोन लेखक आणि एक 'मझ्कीर' आहे. मझ्कीर म्हणजे आठवण ठेवणारा किंवा करून देणारा. शिवकालीन शब्द वापरायचे तर चिटणीस आणि वाकनीस. प्रत्येक राजाची हकिकत संपली की संपादक सांगतो की याच्या बाकीच्या गोष्टी हव्या असतील तर 'यहूदाच्या राजांचा इतिहास' किंवा 'इस्राएलच्या राजांचा इतिहास' या पुस्तकांत पाहाव्यात. ती पुस्तके काळाच्या ओघात नाहीशी झाली. परंतु वर्षवार नोंदी ठेवण्याची पद्धत होती, याचा एक लहानसा मातीचा पुरावा इस्राएलची राजधानी शोमरोन हिच्या उत्खननात १९१० साली सापडला. खापरांवर शाईने लिहिलेल्या या नोंदी द्राक्षारसाच्या आणि तेलाच्या आवकीच्या आहेत आणि 'नववे वर्ष', 'दहावे वर्ष', 'पंधरावे वर्ष' असे त्यांवर लिहिले आहे. कोणत्या राजाचे वर्ष, हे लिहिलेले नाही. कारकुनाला ते लिहिण्याची गरजच नव्हती.

'राजे' या ग्रंथातली नोंद साधारण एकाच साच्याची असते. इस्राएलच्या अमुक राजाच्या अमुक वर्षी यहूदात तमुक राजा झाला, तेव्हा त्याचे वय इतके होते, त्याने इतकी वर्षे राज्य केले, त्याच्या आईचे नाव हे. (यहूदाच्या जवळजवळ सर्व राजांच्या आईचे नाव दिले आहे. इस्राएलच्या राजांच्या आयांना मात्र हा मान नाही.) शेवटी तो देवाच्या दृष्टीने चांगला वागला की वाईट, हा शेरा. संपादकाला खरा रस या शेऱ्यात आहे हे उघड आहे. अम्री हा मोठा कर्तबगार राजा. त्याच्या घराण्याचे नाव असिरियाच्या लेखांत शंभराहून अधिक वर्षे टिकून राहिले. पण त्याला ग्रंथात जेमतेम पाचसहा वाक्ये मिळाली आहेत. संपादकाचा पक्षपात असा ढळढळीत आहे. आकड्यांच्या बाबतीत मात्र तो हात आखडून घेतो. आणि एका राज्याचे वर्ष दुसऱ्या राज्याच्या वर्षाशी बांधणारी ही जी आडवी जोड आहे, तीच आपल्याला कोडे सोडवायला मदत करते.

नादाबचेच पाहा. तो आसाच्या दुसऱ्या वर्षी गादीवर आला, त्याने दोन वर्षे राज्य केले आणि आसाच्या तिसऱ्या वर्षी तो मारला गेला. एला आसाच्या सव्विसाव्या वर्षी आला, त्याचीही दोन वर्षे, आणि तो सत्ताविसाव्या वर्षी मारला गेला. बाशा तिसऱ्या वर्षी आला, सव्विसाव्या वर्षी गेला, म्हणजे २३ वर्षे. ग्रंथ म्हणतो २४. दर वेळी एक वर्ष जास्त, एकदाही कमी नाही. विज्ञानाच्या भाषेत ही यादृच्छिक चूक नव्हे, ही पद्धतशीर चूक आहे. आणि पद्धतशीर चुकीमागे पद्धत असते.

ती पद्धत आपल्याला परकी नाही. आपल्या शिलालेखांत आणि ताम्रपटांत शकाची वर्षे कधी 'गत' तर कधी 'वर्तमान' दिलेली असतात आणि त्यामुळे एका वर्षाचा घोळ होतो, हे इतिहासाच्या शिक्षकांना माहीत असेल. तसेच हे. राजा वर्षाच्या मध्येच मरतो. त्या उरलेल्या महिन्यांचे काय करायचे? एक रीत अशी की नव्या राजाचे ते पहिले वर्ष धरायचे. मग तेच वर्ष जुन्या राजाचे शेवटचे आणि नव्याचे पहिले, असे दोनदा मोजले जाते. दुसरी रीत अशी की ते 'राज्यारोहणाचे वर्ष' म्हणून सोडून द्यायचे आणि पुढच्या वर्षारंभापासून पहिले वर्ष मोजायचे. बॅबिलोनमध्ये ही दुसरी रीत होती. इस्राएलमध्ये पहिली रीत होती असे धरले, तर सात दिवसांचा जिम्री वगळून आठ राजांमागे आठ वर्षे जास्त मोजली गेली. ९८ मधून ८ वजा, राहिली ९०.

मग यहूदाचे ९५ का? यहूदात बऱ्याच काळ दुसरी रीत होती असे आकड्यांवरून दिसते, त्यामुळे तिथे असे वजा करता येत नाही. पण म्हातारपणी आसाच्या पायांना रोग जडला होता अशी नोंद आहे आणि 'इतिहास' नावाच्या दुसऱ्या ग्रंथात हा रोग त्याच्या ३९व्या वर्षी सुरू झाला असे म्हटले आहे. ३९, ४० आणि ४१ ही तीन वर्षे मुलगा यहोशाफाट बापाबरोबर कारभार पाहत असेल आणि दोघांच्याही खात्यांवर ती मांडली गेली असतील, तर ९५ ची ९२ झाली. यहोशाफाटचा मुलगा यहोराम. त्याची राणी अथल्या ही उत्तरेकडच्या अहाबाच्या घराण्यातली. सासुरवाडीबरोबर कालगणनेची रीतही आली असे दिसते, कारण यहोराम आणि त्याचा मुलगा अहज्या या दोघांची वर्षे उत्तरेच्या रीतीने मोजली तर आणखी दोन कमी होतात. राहिली ९०.

हे ओढूनताणून जुळवल्यासारखे वाटेल. आम्हांलाही प्रथम तसेच वाटले होते. पण एक पुरावा फार मोलाचा आहे. यहूदाचा हा अहज्या कधी गादीवर आला? ग्रंथात एके ठिकाणी आहे, योरामाच्या बाराव्या वर्षी. पुढच्याच प्रकरणात आहे, योरामाच्या अकराव्या वर्षी. घटना तीच, राजा तोच, वर्षे दोन. नेमके त्याच काळात, जेव्हा यहूदाच्या दप्तरात रीत बदलली असावी असा आपला तर्क आहे! संपादकापुढे दोन दप्तरांतल्या दोन नोंदी होत्या. एक खोडून दुसरी ठेवणे त्याला सहज शक्य होते. त्याने दोन्ही उतरवल्या.

ही सगळी उकल प्रामुख्याने एडविन थील या अमेरिकन अभ्यासकाची. त्याचे पुस्तक १९५१ साली निघाले. त्यापूर्वी, एकोणिसाव्या शतकात, या आडव्या जोडण्या मागाहून कुणीतरी आकडेमोड करून घुसडलेल्या आहेत असे अनेक विद्वान मानत. थीलचे सगळे म्हणणे आजही सर्वांना मान्य नाही. बापलेकांचे संयुक्त राज्य ही कल्पना तो हवी तिथे वापरतो, असा त्याच्यावर आक्षेप आहे आणि तो अगदीच निराधार नाही. पण त्याने आणखी एक प्रश्न उठवला तो मात्र महत्त्वाचा. वर्ष कोणत्या महिन्यात सुरू होते? ज्यू पंचांगात महिने वसंतातल्या निसानपासून मोजतात, पण वर्ष बदलते शरदातल्या तिश्रीत. आपल्याकडे चैत्री शक आणि गुजरातचा कार्तिकी संवत शेजारी शेजारी नांदतात, तसाच प्रकार. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे बेने इस्राएल तिश्रीतल्या वर्षारंभाला 'नव्याचा सण' म्हणत आले आहेत. प्राचीन काळी यहूदा शरदापासून आणि इस्राएल वसंतापासून वर्ष मोजत असे, असे थीलचे म्हणणे. म्हणजे एका राज्याचे एक वर्ष दुसऱ्याच्या दोन वर्षांत पसरणार आणि आडव्या जोडीत एखाद्या वर्षाची कसर राहणार.

इथवर सगळे ग्रंथाच्या आतले झाले. आतल्या आकड्यांनी आतलेच आकडे सिद्ध करणे हे वर्तुळात फिरणे आहे. बाहेरची साक्ष हवी. ती असिरियातून मिळाली, आणि तिचा पाया एका सूर्यग्रहणावर आहे.

असिरियात वर्षाला आकडा नसे, नाव असे. दर वर्षी एका अधिकाऱ्याची 'लिम्मू' म्हणून नेमणूक होई आणि ते वर्ष त्याच्या नावाने ओळखले जाई. या नावांच्या ओळीने लिहिलेल्या याद्या मातीच्या विटांवर सापडल्या आहेत. काही याद्यांत नावापुढे त्या वर्षातली मुख्य घटना आहे. गुझाना प्रांताचा सुभेदार बुर-सगाले याच्या वर्षापुढे अश्शूर शहरातल्या बंडाची नोंद आहे आणि सिमानू महिन्यात सूर्याला ग्रहण लागल्याचेही लिहिले आहे. सिमानू म्हणजे आपला साधारण ज्येष्ठ. बॅबिलोनच्या राजांची इ. स. पू. ७४७ पासूनची यादी ग्रीक ज्योतिषी टॉलेमी याने जपून ठेवली होती आणि ती असिरियाच्या यादीशी काही ठिकाणी जुळते, त्यामुळे ग्रहण कोणत्या सुमाराला शोधायचे हे आधीच कळले होते. गणिताने उत्तर आले : इ. स. पू. ७६३, जून महिन्याची १५ तारीख. १८६७ साली हेन्री रॉलिन्सनने हे जाहीर केले. हा रॉलिन्सन १८२७ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, कंपनीच्या लष्करात भरती होऊन मुंबईला आला होता. इथे तो फारसी शिकला, १८३३ साली इराणात गेला आणि बेहिस्तूनच्या कड्यावर चढून लेख उतरवता उतरवता कीलाकार लिपीच्या अभ्यासातला अग्रणी झाला.

एक वर्ष पक्के झाले की यादीतली नावे मोजत मागेपुढे जाता येते. ७६३ पासून ९० नावे मागे गेले की शल्मनेसर तिसरा या असिरियन राजाच्या सहाव्या वर्षाला, इ. स. पू. ८५३ ला, पोचतो. त्या वर्षी कर्कर येथे मोठी लढाई झाली. विरोधी फळीतल्या राजांच्या यादीत 'इस्राएलचा अहाब' आहे, २००० रथ आणि १०,००० पायदळासह. याच शल्मनेसरला येहूने खंडणी दिली ती त्याच्या अठराव्या वर्षी, म्हणजे इ. स. पू. ८४१ मध्ये. काळ्या दगडाच्या चौकोनी स्तंभावर येहू (किंवा त्याचा वकील) जमिनीवर डोके टेकून बसलेला कोरला आहे. हा स्तंभ लेअर्डला १८४६ साली निमरूद येथे सापडला आणि आता तो ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. गंमत अशी की लेखात येहूला 'अम्रीचा पुत्र' म्हटले आहे, आणि अम्रीच्या घराण्याचा निर्वंश करणारा तर हाच!

आता पुन्हा बेरीज. ८५३ ला अहाब जिवंत आहे, ८४१ ला येहू गादीवर आहे. अंतर १२ वर्षे. मध्ये दोन राजे, अहज्या २ वर्षे आणि योराम १२ वर्षे, म्हणजे ग्रंथाच्या आकड्यांनी १४. बारा वर्षांच्या पेटीत चौदा मावत नाहीत. पण इस्राएलच्या रीतीने प्रत्येकामागे एक वर्ष वजा केले तर उरतात १ आणि ११, म्हणजे बरोबर १२. एक वर्षही शिल्लक नाही. त्यामुळे कर्करच्या लढाईनंतर अहाब त्याच वर्षी मेला आणि येहू खंडणीच्याच वर्षी गादीवर आला, इतके घट्ट हे बसते. ग्रंथाच्या संपादकाला कर्करची लढाई ठाऊक नाही, निदान त्याने तिचा उल्लेख केलेला नाही. असिरियाच्या कारकुनाला अहज्याशी आणि योरामाच्या मुदतीशी काही देणेघेणे नाही. एकमेकांना न विचारता ठेवलेल्या या दोन वह्या आहेत.

सगळ्याच विसंगती अशा गोड निघत नाहीत. काही सरळ नकलाकाराच्या चुका आहेत. यहूदाचा अहज्या गादीवर आला तेव्हा बावीस वर्षांचा होता असे 'राजे' सांगते, 'इतिहास' सांगते बेचाळीस. त्याचा बाप यहोराम बत्तिसाव्या वर्षी राजा झाला आणि आठ वर्षे राज्य करून वारला, म्हणजे मरताना चाळीस वर्षांचा. मुलगा बापापेक्षा दोन वर्षांनी मोठा! हे उदाहरण मुलांना फार आवडते.

आणि काही गाठी अजून सुटलेल्या नाहीत. इ. स. पू. ७२२ च्या सुमारास असिरियाने शोमरोन घेतले, ते हिज्कीयाचे सहावे वर्ष. सन्हेरीबाने यहूदावर स्वारी केली ते हिज्कीयाचे चौदावे वर्ष. मधले अंतर आठ वर्षे. पण सन्हेरीबाची स्वारी असिरियन लेखांनुसार इ. स. पू. ७०१ मधली आहे, म्हणजे अंतर एकवीस. कुणी चोविसाचे चौदा झाले म्हणतात, कुणी पुन्हा संयुक्त राज्याचा आधार घेतात. दोन्ही बाजूंना अडचणी आहेत. याच स्वारीच्या खंडणीत सोने ३० किक्कार, हे दोन्हीकडच्या नोंदींत सारखे आहे. चांदी मात्र ग्रंथात ३०० आणि सन्हेरीबाच्या लेखात ८००. जिंकणाऱ्याने फुगवले की देणाऱ्याने लपवले, हे सांगता येत नाही. यरुशलेम जिंकले असे सन्हेरीब कुठेच म्हणत नाही, हे मात्र लक्षात घेण्यासारखे आहे. त्याने हिज्कीयाला पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडल्याची फुशारकी मारली आहे, पण पाखरू हाती लागल्याचे लिहिलेले नाही.

पुढे यरुशलेम पडले ते बॅबिलोनपुढे. नबुखद्नेस्सरने यहोयाखीन राजाला कैद केले ते कितव्या वर्षी? 'राजे' म्हणते नबुखद्नेस्सरच्या आठव्या वर्षी. यिर्मया या संदेष्ट्याच्या ग्रंथाच्या शेवटी आहे, सातव्या वर्षी. पुन्हा तेच एक वर्ष. १९५६ साली डोनाल्ड वाइजमनने ब्रिटिश म्युझियममधली एक वीट प्रसिद्ध केली. बॅबिलोनच्या राजदरबाराचा तो वृत्तांत आहे आणि त्यात दिवसही दिला आहे : सातवे वर्ष, अदार महिन्याची २ तारीख. आपल्या हिशेबाने इ. स. पू. ५९७, मार्च १६. बॅबिलोन राज्यारोहणाचे वर्ष सोडून मोजत असे, म्हणून सातवे. ते वर्ष धरून मोजणाऱ्याला ते आठवे. दोन्ही बरोबर.

यहोयाखीन तेव्हा अठरा वर्षांचा होता. 'राजे' हा ग्रंथ त्याच्याच हकिकतीने संपतो. कैदेच्या सदतिसाव्या वर्षी, बाराव्या महिन्याच्या २७ तारखेला (यिर्मयाच्या ग्रंथात २५ तारीख आहे), नव्या बॅबिलोनी राजाने त्याला बंदिवासातून काढले, आपल्या पंक्तीला बसवले आणि त्याला रोजचा शिधा लावून दिला. बॅबिलोनच्या राजवाड्यात जर्मन उत्खननात सापडलेल्या काही विटा एर्न्स्ट वाइडनर याने १९३९ साली प्रसिद्ध केल्या. त्या कोठारातल्या शिध्याच्या नोंदी आहेत. त्यांतली एक इ. स. पू. ५९२ मधली, म्हणजे सुटकेच्या कितीतरी आधीची आहे. परदेशी सुतार, खलाशी, ओलीस यांच्या नावांमध्ये कारकुनाने यहूदाचा राजा 'याउकिनू' याच्या नावे तेल मांडले आहे, आणि त्याच्या पाच मुलांना मिळून अडीच सिला. सिला म्हणजे लिटरच्या आसपासचे माप.